उष्टे स्क्रू

३ जून, सोमवार
सासूबाई पंधरा तारखेला हॉस्पिटलमधून घरी येणार. बरोबर ऑक्सिजनचं मशीन. मशीन देणाऱ्या कंपनीची अट अशी की लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासून सहीचा कागद द्यायचा. कागद नाही तर मशीन नाही, आणि मग सासूबाई धाकट्या जावेकडे. तिचं घर नवीन, कागद तयार. सासूबाई मात्र म्हणतात, मला माझ्याच खोलीत यायचंय. येतील. मॅट्रिकला विजेच्या धड्यावर मला दहापैकी नऊ होते. बारा दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. उद्याच उरकते.

५ जून, बुधवार
लायसनवाला आला. शिसारी आली. मोज्याला भोक, भोकातून अंगठा, अंगठ्याचं नख... जाऊ दे, अजून जेवायचंय. देवघरावरून सरळ गेला, मानसुद्धा तुकवली नाही. सासूबाईंच्या खोलीतला बोर्ड उघडला तर आतून सात झुरळं आणि एक वाळकी पाल. म्हणाला, बाई, बरीच जुनी वस्ती आहे. माझ्या घरात झुरळं? त्याच्याच बॅगेतून आली. पालसुद्धा.
कहर म्हणजे स्क्रू तोंडात धरतो! एका वेळी चार. आणि तेच थुंकीसकट माझ्या भिंतीत पिळतो. म्हटलं, वाटी देते. तर ओठ न उघडता म्हणाला, सवय आहे. उष्टे स्क्रू! तो जिना उतरतोय तोवर मी सगळे काढले, साबणाने धुतले, परत बसवले. दोन उरले. जास्तीचे असणार.
मीटरपाशी एक ब्रेकर बसवून गेलाय. घरात कुठे करंट गळला की तो आपोआप पडतो म्हणे. दोन दिवस पडला नाही तर सही देणार. म्हणजे झालंच.

७ जून, शुक्रवार, सकाळी ७.१०
पडला. कालही सातलाच पडला. बरोबर देवांना अंघोळ घालताना. एरवी दिवसभर मिजाशीत उभा असतो. बसवणारा नास्तिक, मग ब्रेकर कसा असणार?

८ जून, शनिवार
लायसनवाल्याने एकच विचारलं, सातला काय करता? पूजा. मग देवघरामागे बॅटरी मारून म्हणाला, ही वायर कोणी ओढली? मी, आणखी कोणी? जुन्या इस्त्रीची वायर, वर चिकटपट्टी, पुढे छोटा दिवा. सहा वर्षं अखंड जळतोय, तेलाचा थेंब लागत नाही. म्हणाला, अंघोळीचं पाणी जोडावर झिरपतं, करंट तिथेच गळतो. देवघर सरकवून वायर काढू, अर्ध्या तासाचं काम. हे बोलताना तोंडात तीन स्क्रू! त्या हातांनी माझं देवघर? स्पष्ट सांगितलं, शिवायचं नाही. म्हणाला, मग तुम्ही काढा. म्हटलं, वायरला धाड भरलेली नाही.
त्यात हे मध्येच म्हणाले, अगं, मला नमस्कार करताना बोटांना झिणझिण्या येतात. मला रोज येतात. सासूबाईंनाही यायच्या. आम्ही त्याला भक्ती म्हणतो.

११ जून, मंगळवार
देव पाठीशी आहे. कोपऱ्यावरचा पंखे दुरुस्त करणारा आला. आल्या आल्या देवघरापुढे डोकं टेकलं, डोळे पाणावले. स्क्रू शर्टाच्या खिशात, स्वच्छ. लायसन नाही, पण माणूस मी बघताक्षणी ओळखते. मीटरपाशी पाच मिनिटं काहीतरी केलं. म्हणाला, माउली, आता काही पडणार नाही.

१२ जून, बुधवार, सकाळी ७.३०
पडला नाही! पूजा निर्विघ्न. झिणझिण्या नेहमीपेक्षा जोरात. सहीसाठी उद्या लायसनवाल्याला बोलावलंय. दोन शब्द ऐकवणार आहे.

१३ जून, गुरुवार
ऐकवायचे राहिले. त्याने मीटरची पेटी उघडली, आत बघितलं आणि विचारलं, हे कोणी केलं? म्हटलं, एका सज्जनाने. म्हणाला, सज्जनाने ब्रेकर नुसता शोभेला ठेवलाय, करंट बाजूने काढलाय. सगळं पूर्ववत केलं. वर म्हणाला, आजींच्या नाकाला नळी असणार, मशीन याच लाइनवर चालणार, मी सही करणार नाही. किती हा उद्धटपणा. शिवाय बोर्डातले स्क्रू गंजलेत म्हणाला. हलक्या प्रतीचे आणले असतील.
हे म्हणाले, मी सरकवतो देवघर. म्हटलं, तुमची कंबर. उद्या मीच करते.

१४ जून, शुक्रवार
सकाळी उपास, अंगात त्राण नाही. दुपारी चारला, हे बाहेर गेल्यावर, देवघर वीतभर ओढलं.
मागे काजळी. कुजलेली फुलं, त्यांचा चिखल झालेला. केसांची गुंतवळ. वायरला तपकिरी दाणे चिकटलेले, वाटलं धूप आहे. झुरळांची अंडी. भिंतभर. इथे त्याची बॅग कधी आलीच नव्हती.
वायरला हात लावला नाही. देवघर परत लोटलं. दोनदा अंघोळ केली. ह्यांना सांगितलं, जड आहे, हलत नाही.

१५ जून, शनिवार
सासूबाई धाकटीकडे गेल्या. सगळ्यांना सांगितलं, तिकडे हवा मोकळी आहे, मीच आग्रह केला. चार दिवसांत कंटाळून येतील. तिला कुठे जमतंय त्यांचं करायला?

१८ जून, मंगळवार
सासूबाईंचा फोन. आवाज खणखणीत. म्हणाल्या, इथे बरं वाटतंय गं, राहीन म्हणते. माझे देव तेवढे पाठव.
दुपारी धाकटी डबा घेऊन आली. एकेक मूर्ती उचलताना म्हणाली, ताई, शॉक बसतो हो इथे! मी डब्याचं झाकण पुढे केलं.
ती गेल्यावर ह्यांनी मला न विचारता लायसनवाल्याला बोलावलं. रिकामं देवघर त्याने एकट्याने सरकवलं. मागचं सगळं बघितलं. फडकं मागितलं, आधी भिंत पुसली, मग वायर काढली. पंचवीस मिनिटं. कागदावर सही केली, तारीख घातली, माझ्या हातात दिला. म्हणाला, आता आजींचं मशीन बिनधास्त लावा.
मी बरं म्हटलं.