एक बोल्ट जास्त

२७ सप्टें., शनि.
क्लच गेला. कपूरथळा चौकाकडून घरी येताना पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलेना. वर जळकट वास. मागे बसलेली शुभा म्हणाली, "कुणाचं तरी दूध उतू गेलंय." दूध कसलं, आपलीच क्लच-प्लेट.
गॅरेजवाला म्हणतो दसऱ्यानंतर या. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी रेवाला गाडी घेऊन कानपूरला रुजू व्हायचंय. लेकीची पहिली नोकरी, आणि बापाची गाडी अंगणात आजारी.
ठरवलं, घरीच करतो. व्हिडिओ तीनदा पाहिला. शुभा : "सिग्नलवाल्याने गाडी खोलायची? हात दाखवून अवलक्षण." रेल्वेत जन्म गेला तो सिग्नलमध्ये, हे खरं. पण पाना धरता येतो मला.

२८, रवि.
विकास नगरातली सगळी पोरं फाटकाशी जमली होती. गाडी उचलून स्टँडवर घेतली. शेजारचे तिवारीजी खुर्ची टाकून बसले. उंटावरून शेळ्या हाकतात, पण जॅक धरायला त्यांचाच हात लागतो.
बॅटरी काढली, गिअरबॉक्सचं तेल काढलं, दोन्ही पुढची चाकं उतरवली. बोल्ट निघतील तसे वाट्यांत टाकत गेलो, स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या. एका जागेचे एका वाटीत, वाट्या भिंतीशी ओळीने. चिठ्ठ्या लावल्या नाहीत. ओळ हीच चिठ्ठी.
डावीकडचा स्टँड फरशीवर किंचित कलला. खाली लाकडाचा ठोकळा सारला. नंतर गाडीखाली पडून वर पाहिलं तेव्हा पहिल्यांदाच वाटलं की हे सगळं माझ्या छातीवर आहे. बाहेर येऊन पाणी प्यायलो.

२९, सोम.
रजा. गि.बॉ. खाली आला. आला म्हणजे, शेवटचा बोल्ट सुटताच तिवारीजींच्या हातून एकदम सरकला आणि माझ्या बोटांपासून जरासा दूर आपटला. मग ते, "हनुमानजी ने बचा लिया, भाईसाहब." मी हसलो. पाठीमागे बोटं मोजून घेतली.
जुनी प्लेट पार रिव्हेटपर्यंत घासलेली. आणखी आठवडा चालवली असती तर रस्त्यात बसलो असतो. रेवाला दाखवली. "पापा, ये तो बिस्किट हो गई है." मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. आता त्यावर वाद घालत नाही.

३०, मंगळ.
नवी प्लेट बसवली, नीट मध्यावर. हे अवघड काम, आणि ते पहिल्या फटक्यात झालं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आता गि.बॉ. चढवायचा आणि बाकीचं जोडायचं.
उद्या ऑफिस आहे. परवा दसरा, गांधी जयंतीची सुट्टी. परवाच पुरं करीन. शुभाचं म्हणणं, दसऱ्याला गाडी फाटकाबाहेर पडलीच पाहिजे, सीमोल्लंघन. अंगणात खिळखिळी उभी राहिली तर वर्षभर तशीच राहील म्हणे. मी असलं मानत नाही. पण काम त्याच दिवशी संपवायचं ठरवलंय खरं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
काय लिहू.
संध्याकाळी घरी आलो तर भिंतीशी वाट्या नाहीत. देवघरात पाट, पाटावर माझे पाने, हातोडी, जॅकचा दांडा, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आणि मधे मोठ्या ताम्हणात बोल्ट. सगळे. एकत्र. धुतलेले, हळद-कुंकू लावलेले, वर अक्षता.
इथल्या रीतीने शुभा नवमीला कॉलनीतल्या नऊ मुली जेवायला घालते. पुरी, चणे, हलवा. हलव्याला वाट्या हव्या होत्या. वाट्या माझ्याकडे. म्हणून रिकाम्या केल्या, घासल्या, मुलींना वाढलं. आणि आपल्याकडची खंडेनवमी, कुठलंही हत्यार पूजेवाचून राहायला नको, म्हणून टूलबॉक्सही त्याच ताम्हणात उपडी केली. त्या डब्याच्या तळाशी किती वर्षांचे भटके नटबोल्ट पडलेत ते मलाही माहीत नाही.
ओरडलो. मुली अजून अंगणातच होत्या. शुभा म्हणाली, "चिठ्ठी तरी लावायचीस. मला कसं कळणार?" बरोबर आहे तिचं. म्हणून आणखी राग आला.
आज हत्याराला हात लावायचा नाही. ताम्हणाकडे नुसता बघत बसलो.

२, गुरु. दसरा
उत्तरपूजा होताच भिडलो. एकेक बोल्ट पुसून, लांबी ताडून, भोकात घालून पाहत. व्हिडिओ थांबवत, पुढे नेत. लांब कुठले, आखूड कुठले ते जमलं. जाडीला सारखे होते त्यांनीच घाम काढला. तिवारीजींनी गि.बॉ. खालून जॅकवर पेलून धरला, या वेळी दोन्ही हातांनी.
डाव्या चाकाजवळ, चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा बोल्ट शेवटी जरा जड गेला. आट्यात कुंकू अडकलं असेल म्हणून जोर दिला. बसला.
सगळी भोकं भरली. गाडी खाली उतरवली. ताम्हणात टूलबॉक्सचा कचरा उरला, तो ओळखून बाजूला काढला. आणि तरी एक बोल्ट उरला. चांगला, जाडजूड, डोक्यावर कुंकवाचा थर. कुठलं भोक रिकामं नाही. परत मोजलं. नाही.
तिवारीजी : "अरे, एक-दो तो सबके बचते हैं." रेवा : "पापा, एक्स्ट्रा है मतलब कम तो कुछ नहीं है ना?" मुलगी हुशार आहे. मान डोलवली. पण विचार खुपतोय. भोकं सगळी भरलेली आणि बोल्ट एक जास्त, म्हणजे एक कुणीतरी पाहुणा आहे. तो माझ्या हातात आहे की गाडीत?
संध्याकाळी गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली. रेवा चालवायला, शुभा शेजारी, मी मागे. महानगर कॉलनीपर्यंत जाऊन आलो. क्लच लोण्यासारखा. परतताना वळणावर डावीकडून एकदा "टक्" झालं. रेवाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिंबाची साल असेल. पुन्हा नाही झालं.
कचनारची पानं वाटली. इथे आपटा कुठला. तिवारीजींनी सोनं खिशात ठेवून मिठी मारली.
ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना मी काय शिकवतो? शंका आली की लाल. तार तुटली, दिवा गेला, काही कळेनासं झालं, सिग्नल आपोआप लाल झालाच पाहिजे. कुणाला वाईट वाटेल म्हणून हिरवा देत नसतात. आज शुभा किती खूश होती. रेवाने तिवारीजींना सांगितलं, "पापा ने ख़ुद बनाई है."
उद्या पुन्हा चाक काढून बघावं का? म्हणजे रेवा पहिल्याच दिवशी उशिरा. आणि बघून ओळखणार कसा?

३, शुक्र.
गेल्या. शुभाही सोबत, खोली लावून द्यायला. डिकीत गॅस, गादी, लोणच्याची बरणी. फाटकाशी तोंडापर्यंत आलं होतं, थांबा म्हणून. हात हलवला.
चहा घेतला. घर मोठं वाटायला लागलं. पूजेचं सामान आवरावं म्हणून ताम्हण नळाखाली धरलं, त्यात तो उरलेला बोल्ट. कुंकू वाहून गेलं. खाली डोक्यावर आकडे कोरलेले दिसले. पक्क्या पोलादाचे असतात ते, गाडीच्या बाकी बोल्टवर पाहिलेत तसेच. म्हणजे हा गाडीचा. पाहुणा हा नव्हे.
मग गाडीत कोण गेलं?
गच्चीवर पळालो. उन्हाळ्यात कूलरचा स्टँड मीच खोलला होता. एका पायाचं भोक रिकामं. उरलेल्या तिन्ही पायांचे बोल्ट याच जाडीचे, साधे लोखंडी, डोकं कोरं. चौथा टूलबॉक्समध्ये टाकल्याचं मला लख्ख आठवतं. खाली येऊन कचरा पुन्हा चाळला. नाही. डाव्या चाकाजवळ जड गेला होता, तो तोच. कूलर पेलायचा बोल्ट माझ्या बायको-मुलीचं चाक धरून बसलाय.
फोन केला. शुभाने उचलला. "उन्नाव कधीच मागे पडलं. गंगेच्या पुलावर आहोत, जाम आहे." मी म्हटलं, गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता. "इथे? मागे ट्रक आहे रे." पलीकडून रेवा, "क्या हुआ? पापा को बोलो पुल पार करके रोकती हूँ." मी ओरडलो, चाक निघेल, डावं. हॉर्न ऐकू येत होते. मग शुभा, अगदी हळू, "बरं. हळू घेतोय. थांबलो की फोन करते."
पुन्हा लावला, लागत नाही. तिवारीजींना हाक मारली, ते लुंगीवरच गाडी काढताहेत.
तोवर हे लिहितोय, नाहीतर हात कुठे ठेवू कळत नाही. गंगेच्या पुलावरच्या जामला आजवर शिव्याच दिल्या. आज म्हणतोय, सुटू नको बाबा. एकही गाडी पुढे सरकू देऊ नको.
फोन नाही अजून. तिवारीजी हॉर्न देताहेत. बोल्ट खिशात घेतला.