खोआनाचा बाण

प्रिय देबे,

दवाखान्याची गाडी परवा शहराकडे जाते आहे, तिच्याबरोबर हे पत्र देते. फोनवर तू घाईत असतोस आणि मला इथे, जिथे रेंज मिळते त्या झाडाखाली, सगळ्यांच्या देखत बोलायचं अवघड वाटतं. दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला लिहायला शिकवलं ते अशाच वेळेसाठी, असं आता वाटतं.

यंदा बोरं उशिरा पिकली. तुझा बाप बरा आहे, गुडघा धरतो. तुझं धनुष्य तो कधी कधी खाली काढतो, ओढून बघतो, परत टांगतो.

तुझा पहिला कुडू आठवतो, पिळदार शिंगांचं ते मोठं हरीण? सगळे मांस आणायला गेले आणि बो आजोबा म्हणाले, "ही हाडं उचलायला एवढं चालवलंस होय? यापेक्षा घरी सावलीत पडलो असतो." सगळी माणसं हसली. तू मान खाली घालून म्हणालास, "खरंच, फेकूनच देऊ या." मी तोंड फिरवलं, इतका आनंद मला लपवता येईना. शिकाऱ्याच्या डोक्यात वारं शिरू नये म्हणून आपण मांसाला नावं ठेवतो. ज्याच्यावर भरवसा, त्यालाच टोमणे.

मग तो दुसरा कुडू. बाण लागला होता, तुझ्याबरोबर शिकारीला आलेल्या काओच्या तोंडून मी ऐकलं. पण विष चढेपर्यंत काढायचा तो माग गुरांच्या खुरांत हरवला आणि जनावर सापडलं ते गिधाडांमुळे, सडलेलं. त्यानंतर तू धनुष्य ताणायचास आणि सैल सोडायचास. जनावर समोर उभं, आणि तू आपला विचार करतोयस. पुन्हा तसंच उगाच मारलं तर, ही भीती होती, हे मला कळत होतं. तेव्हा बो आजोबा किती हळू बोलले: "होतं असं, बाळा. दम खा." कुणी हसलं नाही. त्या दिवशी तू जेवला नाहीस. टोमण्यांनी तू कधी खचला नव्हतास, त्या मायेने खचलास. आठवड्याभरात शहरात पहारेकऱ्याची नोकरी धरलीस. मला म्हणालास, "इथे बरंय आई, कशावर नेम धरावा लागत नाही."

पत्र का लिहिते ते सांगते. माझी निळ्या मण्यांची माळ मी बो आजोबांना दिली आणि त्यांच्याकडून एक बाण घेतला. विष अजून लावलेलं नाही, ते ताजंच लावायचं. आपल्यात मांस बाण ज्याचा त्याचं, वाटपही त्यानेच करायचं, सोडणारा कुणीही असो. म्हणून बायकाही बाण बाळगतात. मी आजवर बाळगला नव्हता. तू येशील की नाही, आलास तरी सोडशील की नाही, मला माहीत नाही. बो आजोबा विचारत होते, "कुणाला देणार हा?" मी तुझं नाव सांगितलं. देबे, तो माझा बाण आहे. लागला तर मांस माझं, आणि माग हरवला तर ते जनावरही माझ्याच नावावर.

वाट बघणारी, तुझीच आई,
खोआना