पेटीतला गडी

पौष शुद्ध ५, शके १७८५, अमरावती

अकोल्याहून बैलगाडीने काल पोचलो. कंपनीत कापूस पारखायला लागलो. विलायतेत कापसाची टंचाई, म्हणून इथे रोज नवी माणसं घेतात. कारभारी खुशालराव मायाळू वाटले. म्हणाले, "केशवराव, इथं कामाले मान हाय. जो मरमर करन, तो वर जाईन."

अंगणात दोन पुरुष उंचीइतकी खोल लाकडी पेटी आहे. एक गडी आत उतरून कापूस तुडवतो. तो बाहेर आला की मळसूत्राचा दाब खाली येतो आणि गठाण तयार होते. पाहतच राहावंसं वाटतं.

पौष शुद्ध १३

दर सोमवारी कंपनीचे साहेब सर्वांत चांगल्या माणसाला सगळ्यांदेखत फेटा बांधतात. आज गोवर्धनला बांधला. तो पारखही करतो, तुडवायलाही उतरतो. मी चिमटीतल्या धाग्यावरून गाव ओळखतो, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. जेवणाला चव लागली नाही.

पौष वद्य ५

पुन्हा गोवर्धनच. त्याने फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "घ्या ना तुमी, मले काय." सगळे हसले.

पौष वद्य ६

दुपारी गोवर्धन पेटीत होता. काठावर मी एकटाच. मळसूत्राचा दांडा फिरवणारे खाली माझ्या हाकेची वाट पाहत होते. तो बाहेर आला, असं मी ओरडून सांगितलं.

गठाण जड भरली. सरकी राहिली असेल, म्हणालो. मुंबईच्या गाडीवर चढवली. गोवर्धन गावी गेला, हेही मीच सांगितलं.

पौष वद्य ७

सकाळी पेटीत कुणीतरी तुडवत होतं. गोवर्धन. मान खांद्यावर पडलेली, छाती फळीसारखी चपटी, ओठांतून कापूस आलेला. बाकीचे आपापल्या कामात. मी खुशालरावांना हाताला धरून आणलं.

"दिसते ना मले," ते म्हणाले. "पण काम पाहा त्याचं."

पौष वद्य १२

जेवत नाही, टेकत नाही. चौघांचं काम एकटा— साहेब खूश. आजचा फेटाही त्यालाच. मेल्यावरसुद्धा तोच—

अमावास्या

खुशालराव सर्वांना म्हणाले, "असा अजून एक गडी भेटला पायजे." माझ्याकडे पाहिलं नाही. कोणीच पाहत नाही—

माघ शुद्ध १

उतरलो. कापूस मऊ, कमरेपर्यंत. वही छातीशी. दांडा फिरवा, मीच सांगितलं. कुणी कारण विचारलं नाही— मळसूत्र करकरतंय. उजेड कमी— सोमवारी साहेब सगळ्यांदेखत माझं ना—