नेलिदाचा ताप

लाडक्या नेलिदा,

रेडिओवर नाटकं करायला तू घर सोडलंस, तेव्हापासून बाबा तुझं नाव घेत नाहीत. रोज संध्याकाळी रेडिओ मात्र लावतात. आज गाणी झाली, भाषण झालं, कविता झाल्या, मग तुझं नाटक लागलं. येर्बाच्या चहाचा तुंबा सगळ्यांत फिरवायचा, पण बाबा तो हातातच धरून बसले. तुझ्या पात्राचा ताप वाढत गेला, तशी आई म्हणाली, "अहो, नाटक आहे ते!"

"मग ते मेले डॉक्टरला का बोलवत नाहीत?"

तू मरायच्या आधीच त्यांनी रेडिओ बंद केला आणि बूट चढवले.

"एल्बा, चल. पोरगी बरी आहे ना, डोळ्यांनी बघून येऊ."

हे पत्र आता टाकत नाही. मोंतेविदेओच्या बसने आम्हीच येतोय.

तुझी ताई,
एल्बा