भात्यातलं भोक

३ फेब्रुवारी

आले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर, खिडकी मोठी, टेबल लांबरुंद. हत्यारं मांडली तरी जेवायला जागा उरते. मालकीणबाई सत्तरीच्या. खाली त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे, कित्येक वर्षं बंद. तिथला जुना मोठा कॅमेरा मला चालू करून द्यायचाय. मूल असेल तर अवश्य घेऊन या, असं त्या बोलणी करतानाच म्हणाल्या होत्या. आजकाल कोण म्हणतं असं? सख्ख्या दादाने बाबांचं दुरुस्तीचं दुकान गोड बोलून घशात घातलं आणि माझ्या हाती हत्यारांची पेटी ठेवली, तीही उपकार केल्यासारखी. इथे परकी बाई माझ्या लेकीला मायेने जवळ घेते. लेक आठ वर्षांची, एका जागी म्हणून ठरत नाही, तेव्हा सगळे तिला भिंगरीच म्हणतात. आल्या आल्या तिने मालकीणबाईंना आजी करून टाकलं.

६ फेब्रुवारी

कॅमेरा देखणा आहे. पुढे पितळेत बसवलेलं भिंग, मागे चित्र बघायची दुधी काच, मध्ये घड्याघड्यांचा चामडी भाता. खोलीत अंधार करून भात्यात दिवा लावला. सगळं शाबूत, फक्त एका घडीत उजेडाचा ठिपका. गोल, स्वच्छ. कीड असं खात नाही. कोणीतरी मुद्दाम चामडं टोचायची आरी घातली होती. कुणा दीडशहाण्याचा उद्योग! एवढ्याशा भोकातून उजेड शिरला तरी फोटो धुरकटतो. पातळ चामड्याचं ठिगळ आतून चिकटवलं. दादाने डोळे फाडफाडून बघितलं तरी त्याला सापडायचं नाही. मालकीणबाई दोनदा विचारून गेल्या, उजेड यायचा थांबला का.

९ फेब्रुवारी

आज पहिला फोटो. खुर्ची ठेवून काचेत पाहिलं. चित्र उलटं दिसतं, ते ठीकच. पण रिकाम्या खुर्चीवर फ्रॉकसारखं काहीतरी पांढुरकं दिसत होतं. काच पुसली. गेलं नाही. जुना डाग असेल.

पहिला मान भिंगरीचा, असा मालकीणबाईंचा हट्ट. भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, म्हणून भिंगरीला दटावलं, अजिबात हलू नकोस. जन्मात पहिल्यांदा पोरीने ऐकलं. मालकीणबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं.

फोटो लख्ख आलाय. फक्त भिंगरीचं तोंड उघडं आहे, मला हाक मारल्यासारखं. उघडलं कधी? माझी नजर तिच्यावरच होती.

११ फेब्रुवारी

भिंगरी गप्प आहे. सांगितलं तिथे बसते. ताप नाही. कधी नव्हे ते स्वतःची वेणी घातली, घट्ट, जुन्या वळणाची. कात्री मागितली तर खालच्या खोलीतल्या कपाटातून काढून आणली. ते कपाट आम्ही कधी उघडलेलं नाही.

१३ फेब्रुवारी

जेवताना ती मालकीणबाईंना ताई म्हणाली. मी हसून म्हटलं, अगं, आजी ना? दोघींनी माझ्याकडे बघितलं. कोणी हसलं नाही.

तशीच खाली गेले. रिकाम्या खुर्चीवर कॅमेरा लावला. काचेत भिंगरी. उलटी. माझी भिंगरी, तोंड उघडं—

१४ फेब्रुवारी

त्या बाईने सगळं सांगितलं, शांतपणे, भाजी निवडता निवडता. धाकटी बहीण लहानपणी या कॅमेऱ्यात गेली. बापाला कळलं तेव्हा त्यानेच भोक पाडलं, कारण धुरकट फोटोतून ना कोणी आत जातं, ना बाहेर येतं. बहिणीला बाहेर यायला दुसरं कोणीतरी आत जायला हवं होतं. म्हणून मूल अवश्य आणा.

दादाने नुसतं दुकान घेतलं होतं. आणि ते ठिगळ मी लावलं. माझ्या हातांनी. पाठ थोपटून घ्यायला निघाले होते मी—

१५ फेब्रुवारी

एक आत, एक बाहेर. मी आत जाईन, म्हणजे भिंगरी बाहेर येईल, माझ्या अंगात का होईना.

दादाला निरोप धाडलाय, भाचीला येऊन घेऊन जा. ज्याने गळा कापला त्याच्याच पदरात लेक टाकायची. दुसरं आहे कोण?

खुर्चीत बसलेय. रबरी फुगा दाबून धरला की भिंग उघडं राहतं. लिहिणारा हात चौकटीबाहेर घेतलाय, म्हणजे फोटो हलणार नाही. काम चोख.

दाबला.

काचेवरचं मला इथून दिसत नाही. पण ऐकू येतंय — आई—

दाराची कडी लावली होती. ती बाहेरूनही निघते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाई भात्याशी उभी आहे. भिंगरी बाहेर आली तर तिच्या बहिणीचं बिंग फुटेल. माझ्याच पेटीतली आरी हातात— ठिगळ चाचपतेय—

ओरडले तर तोंड हलेल. उठले तर भिंगरी—

थोडंच राहिलंय, बाळा, थोडंच, मी हलत ना