निळं पाणी बुडेना

३ मार्च, मंगळवार

बुडत नाही म्हणजे काय! सकाळपासून टाकीसमोर उकिडवी बसलेय, पायांना मुंग्या आल्या, आणि निळं पाणी मधेच लटकलंय. गेल्या आठवड्यात कसं शहाण्यासारखं तळाला जात होतं! थंड समुद्र गोठतो तेव्हा मीठ बर्फात शिरत नाही, मागे पाण्यात राहतं. ते गार, खारट, जड पाणी तळाशी जातं आणि तिथून जगभर फिरतं — एवढंच तर दाखवायचंय! म्हणून खारट पाण्याला निळा रंग दिलाय. शनिवारी उद्घाटन. इतकी वर्षं या विज्ञान केंद्रात दुसऱ्यांच्या मांडणीतले बल्ब बदलले, ही टाकी पहिली माझी स्वतःची.

४ मार्च

साहेब आले. चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "हे नक्की काय दाखवतंय?" म्हटलं, तळाला जाणारं पाणी. "जाताना तर दिसत नाही!" वर हेही — "शुक्रवारपर्यंत बुडलं नाही तर इथे ग्रहांचा पडदा लावू. ग्रह निदान फिरतात." खडूस!

नवीन एकच गोष्ट केली होती. शोभा म्हणून कडेला बर्फाचा छज्जा बसवला. खरा असतो तसा, जमिनीवरून समुद्रावर आलेला. दिसतो झकास! थोडा वितळतो, पण तेवढ्याने काय होणार?

ताईला फोटो पाठवला — माझं काय चुकतंय? ती बर्फाळ समुद्रात जहाजावर आहे, तळाचं पाणी मोजायला गेलीय. उत्तर नाही. तिथलं नेट म्हणजे लहरी कारभार.

५ मार्च

सापडलं! छज्जाच चोर. वितळलेलं पाणी गोडं. ते निळ्यात मिसळतं, निळं हलकं होतं आणि अर्ध्या वाटेत बसकण मारतं. छज्जा काढू? छे, मन होत नाही. मग निळ्यात आणखी मीठ!

जेवताना नवरा: "भाजीत मीठ नाही."

"घरातच नाही."

"कुठे गेलं?"

"समुद्रात."

त्याने लोणचं वाढून घेतलं. सुखी माणूस.

६ मार्च

बुडलं!!! साहेब चक्क हसले.

७ मार्च, शनिवार

उद्घाटन झोकात! निळं पाणी टाकीतल्या उतारावरून असं सुळकन खाली गेलं की टाळ्याच पडल्या. एक आजोबा म्हणाले, "वा! समुद्राचं काम कसं चोख!" मी मान डोलावली. जास्तीच्या मिठाबद्दल अवाक्षर काढलं नाही. खोटं कशाला लिहू, भारी वाटलं.

८ मार्च, रविवार

ताईचं उत्तर आलं. "तुझं काहीच चुकलेलं नाही गं. इथेही छज्जे वितळतायत, आणि पाणी पूर्वीसारखं खाली जात नाहीये. टाकी होती तशीच ठेव."

केंद्र आज बंद, पण किल्ली माझ्याकडे आहे. जाऊन ते निळं पाणी ओतून देते, जास्तीच्या मिठाशिवाय पहिल्यासारखं करते. साहेब चिडतील. टाकी जाईलही. पण उद्या लोकांसमोर ते बुडणार नाही.