गुडघा आणि जनमत

३ नोव्हेंबर, सकाळी
लेकीचं लग्न १४ डिसेंबरला. कन्यादानाला पाटावर मांडी घालूनच बसणार. खुर्ची घेणार नाही, असं व्याही तात्यासाहेबांना भर बैठकीत सांगून टाकलंय. अडचण एकच. गुडघा ऐकत नाही.

४ नोव्हेंबर
औरंगपुऱ्यात डॉ. मुनिरांकडे गेलो. सौ. सोबत. गांजाच्या औषधाबद्दल परदेशात काय चाललंय ते मीच त्यांना समजावून दिलं. म्हणाल्या, काही आजारांत उपयोग दिसलाय, गुडघ्याच्या बाबतीत पुरावा कच्चा आहे. काका, व्यायाम करा. खुर्चीत बसून पाय कसा उचलायचा ते करून दाखवलं. मी तेव्हा भिंतीवरचा सांगाडा पाहत होतो.
निष्कर्ष: वैद्यकशास्त्र अनुकूल आहे. फक्त घाबरतंय.

७ नोव्हेंबर
वैद्य नानासाहेबांकडे. भांगेच्या पानांचं तेल रीतसर चिठ्ठीवर मिळतं म्हणे. चिठ्ठी दिली. वर म्हणाले, व्यायामाबिगर उपयोग नाय. दोन्ही शास्त्रांचं एकमत फक्त व्यायामावर. यात काहीतरी संगनमत आहे.

१० नोव्हेंबर
तेल आलं. आता समाजप्रबोधन. कॉलनीच्या ग्रुपवर पोल टाकला: 'औषधी गांजाला परवानगी असावी का?' झाडून सगळे विरोधात. शेजारच्या रामकिसननं 'पुंडलिकनगरची संस्कृती' यावर लांबलचक मेसेज टाकला. समाज मागास आहे.

११ नोव्हेंबर
रामकिसन मागच्या दारानं आला. म्हणे, भाऊ, ग्रुपवरचं मनावर घेऊ नका, कंबर लई धरलीय, थोडं तेल द्या. वाटीत दिलं. पोलमधलं मत मात्र बदलणार नाय म्हणाला. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१८ नोव्हेंबर
निम्मी कॉलनी वाटी घेऊन येते. ग्रुपवर विरोध कायम. माझ्यासाठी बुडाशी थोडं उरलंय. बुडाचं जास्त गुणकारी असणार. सौ. सकाळी खुर्चीत बसून पाय वरखाली करत असते, त्यामुळे चहाला उशीर होतो. माझा व्यायाम सोमवारपासून.

२६ नोव्हेंबर
तात्यासाहेब न कळवता बजाजनगरहून आले. गळ्यात माळ, माणूस सुपारीलाही शिवत नाही. पोलची बातमी पोचली होती. लेक आत रडकुंडीला. सोयरीक मोडते की काय, ही धास्ती. त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, व्याहीबुवा, घरात गांजा? मी म्हटलं, चोळायचा, ओढायचा नाही. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. मग धोतर गुडघ्यावर घेतलं. म्हणाले, हितं चालंल का?
बाटली दिली. सोयरीक वाचली. तेल संपलं.

१३ डिसेंबर
नवी बाटली आणायची राहून गेली. पण लावलेलं अंगात मुरलं असणारच. व्यायाम करून पाहिला. एकदा.

१५ डिसेंबर
काल पाटावर ऐटीत बसलो. कन्यादान झालं. उठता येईना. रामकिसन आणि कॉलनीतल्या समस्त विरोधकांनी मला पाटासकट उचललं. बँडवाल्यांना वाटलं मिरवणूक निघाली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. फोटोत माझे हात जोडलेले आहेत. तेवढ्यात तात्यासाहेब कानाशी लागले, आमचंबी संपलं, हाय का थोडं?
सौ. मात्र शेजारच्या पाटावरून हात न टेकता उठली, पदर सावरला आणि पंगतीकडं निघून गेली.
आज विचारलं, तू कोणतं तेल लावलंस?
म्हणाली, अहो, त्या दिवशी दवाखान्यात मीपण होते.